रिपोर्टमध्ये सगळीकडे ‘आर’, पण आई तर बरी आहे

प्रश्न : माझी आई ७१ वर्षांची आहे, तिला मधुमेह आहे. गेल्या वर्षभरात तिला तीनदा लघवीचा संसर्ग झाला. शेवटच्या खेपेला थंडी वाजून ताप आला, दवाखान्यात ठेवावं लागलं. शिरेतून इंजेक्शनं दिली आणि ती बरी झाली. पंधरा दिवसांनी आम्ही खात्रीसाठी लघवी पुन्हा तपासली, तर कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून केलेल्या तपासणीत) परत ई. कोलाय हा जंतू. ‘ईएसबीएल पॉझिटिव्ह’ असं लिहिलंय आणि औषधांच्या यादीत जवळजवळ सगळीकडे ‘आर’, म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. आईला आता काहीच त्रास नाही. तरी पुन्हा इंजेक्शनं सुरू करायची का? दुसरं असं की दोन वर्षांपूर्वी तिनं एकदा बरं वाटल्यावर गोळ्या तिसऱ्याच दिवशी बंद केल्या होत्या. भाऊ म्हणतो, त्यामुळेच हे सगळं झालं. तेव्हापासून ती गप्प गप्प असते आणि ‘माझे जंतू तिला नकोत’ म्हणून नातीलाही जवळ घेत नाही. मी रोज रात्री नव्या औषधांबद्दल वाचत बसते. फाज, कृत्रिम बुद्धिमत्तेनं शोधलेली अँटिबायोटिक्स, यातलं आईच्या उपयोगाचं काही आहे का? आणि भावानं ‘पुढच्या वेळी असू देत’ म्हणून गोळ्यांची एक स्ट्रिप घरी आणून ठेवली आहे, ती ठेवावी का?
— एक मुलगी

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य मधेच येऊन गेलंय : ‘आईला आता काहीच त्रास नाही.’ मी तिथूनच सुरुवात करते.

लघवीत जंतू सापडणं वेगळं आणि लघवीचा संसर्ग होणं वेगळं. वय वाढतं तसे, विशेषतः बायकांमध्ये आणि त्यातही मधुमेह असलेल्यांमध्ये, जंतू मूत्राशयात काही त्रास न देता मुक्काम करून असतात. जळजळ नाही, ताप नाही, ओटीपोटात दुखत नाही. तपासायला पाठवली नसती तर कुणाला कळलंही नसतं. अशा जंतूंना औषध देऊन मारावं का, हा प्रश्न मधुमेही स्त्रियांपुरता मुद्दाम तपासला गेलेला आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत काही जणींना अँटिबायोटिक दिलं, काहींना दिलं नाही. औषध दिल्यानं पुढचे संसर्ग किंवा गुंतागुंत कमी झाली नाही. अँटिबायोटिकचे दिवस तेवढे वाढले. म्हणून आज जगभरातल्या मार्गदर्शक सूचना सांगतात की त्रास नसेल तर उपचार नको. याला मुख्य अपवाद दोन : गरोदरपण, आणि मूत्रमार्गाची अशी शस्त्रक्रिया जिच्यात आतल्या आवरणाला इजा होऊन रक्त येण्याची शक्यता असते.

तेव्हा आई खरोखरच बऱ्या असतील, तर केवळ या रिपोर्टसाठी इंजेक्शनं पुन्हा सुरू करायला नकोत. त्यांच्या डॉक्टरांना थेट विचारा, ‘ताप नाही, जळजळ नाही, जेवण-झोप व्यवस्थित आहे. तरी उपचाराची गरज आहे का?’ इतक्या सरळ प्रश्नाला बहुतेक डॉक्टर तितकंच सरळ उत्तर देतात. आणि यापुढे बरं वाटत असताना ‘खात्रीसाठी’ कल्चर करू नका. त्यातून खात्री मिळत नाही, फक्त धास्ती मिळते. धास्तीपोटी घेतलेलं औषध मग पुढच्या खऱ्या आजाराच्या वेळी आड येतं.

आता त्या ‘आर’च्या रांगेबद्दल. अशा रिपोर्टांवर मी वर्षानुवर्षं सही करत आले आहे आणि तो कागद हातात घेतल्यावर घरच्यांचा चेहरा कसा पडतो, हे मला माहीत आहे. पण तो कागद वाचायची एक रीत आहे. त्यातल्या ओळी चौदा असल्या तरी कारणं बहुधा दोन-तीनच असतात. ईएसबीएल हे जंतूंनी बनवलेलं एक विकर (एन्झाइम) आहे. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन या घराण्यांतल्या औषधांच्या रेणूत एक चौकोनी कडं असतं, ते हे विकर फोडतं. या दोन घराण्यांतली सात-आठ औषधं यादीत असली, तर एका विकरामुळे सात-आठ ‘आर’ उमटतात. फ्लॉक्ससिन शेवट असलेली औषधं आणखी एका कारणानं निकामी होतात, तिथे आणखी दोन-तीन ‘आर’. कागद भरून जातो, पण जंतू काही चौदा वेगवेगळ्या युक्त्या शिकून आलेला नसतो.

‘एस’, म्हणजे औषध चालेल अशी खूण, कुठे आहे ते आधी शोधा. ईएसबीएल असलेल्या ई. कोलायवर बहुतेक वेळा कार्बापेनेम गटातली इंजेक्शनं चालतात. आईंना शिरेतून दिलेलं औषध बहुधा त्यातलंच असणार. मूत्राशयापुरत्या संसर्गासाठी नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन ही तोंडानं घ्यायची दोन जुनी औषधं अनेकदा ‘एस’ असतात. पहिलं १९५० च्या दशकापासून वापरात आहे, दुसरं १९६९ मध्ये सापडलं. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत साठतं पण रक्तात आणि मूत्रपिंडात पुरेसं पोहोचत नाही. त्यामुळे ताप असताना किंवा मूत्रपिंडाचं काम बरंच मंदावलेलं असताना ते उपयोगाचं नसतं. औषधासमोरच्या आकड्यांची (जंतूची वाढ रोखायला लागणाऱ्या मात्रेची) आपसांत तुलना मात्र करू नका. एकासमोर २ आणि दुसऱ्यासमोर १६ असेल म्हणून पहिलं अधिक चांगलं असं नसतं, कारण प्रत्येक औषधाची मर्यादारेषा वेगळी असते. हे बऱ्याच सुशिक्षित घरांतही चुकतं, म्हणून सांगितलं.

आता भावाच्या आरोपाकडे येते, कारण मला वाटतं, तुमच्या घरात जंतूंपेक्षा त्यानं जास्त नुकसान केलंय.

त्यांचं म्हणणं हवेतून आलेलं नाही. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल स्वीकारताना केलेल्या भाषणातच इशारा दिला होता की अपुरी मात्रा घेतली तर जंतू मरायचे नाहीत, उलट औषधाला तोंड द्यायला तयार होतील. तिथून ‘कोर्स पूर्ण करा’ हे वाक्य डॉक्टरांच्या, शिक्षकांच्या, जाहिरातींच्या तोंडी बसलं. क्षयाच्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे. स्ट्रेप्टोमायसिन सुरुवातीला एकटं दिलं जायचं, तेव्हा अनेक रुग्णांच्या शरीरात काही महिन्यांतच प्रतिरोधक जंतू वरचढ झाले. म्हणूनच क्षयाला आजही एकत्र अनेक औषधं आणि महिनोन्‌महिने उपचार लागतात. त्यात एक दिवसही आपल्या मनानं गाळायचा नसतो.

पण ई. कोलायची गोष्ट वेगळी आहे. त्याच्यातली ईएसबीएलची क्षमता बहुधा एखाद्या गोल डीएनए-तुकड्यावर, म्हणजे प्लाझ्मिडवर असते आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाते, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूकडेही. १९५० च्या दशकात जपानमध्ये आमांशाचे जंतू एकाच वेळी अनेक औषधांना दाद देईनासे झाले, तेव्हा तिथल्या संशोधकांनी दाखवून दिलं की औषधांना दाद न देण्याची ही क्षमता सगळी एकत्रच आतड्यातल्या ई. कोलायमधून आमांशाच्या जंतूत जाऊ शकते. तुमच्या आईंच्या पोटात तीन दिवसांत हे जनुक जन्माला आलं नाही. ते तयार होऊनच कुठून तरी आलं : पाण्यातून, अन्नातून, दवाखान्यातून, कुणाच्या तरी हातावरून. नेमकं कुठून, हे कोणतीही प्रयोगशाळा आता मागे जाऊन सांगू शकत नाही.

जंतूंमधला हा प्रतिकार औषधामुळे निर्माण होत नाही, औषधामुळे तो निवडला जातो. हा फरक सैद्धांतिक वाटेल, पण आईंवरच्या आरोपाचा सगळा निवाडा त्यात आहे. १९५२ मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या शास्त्रज्ञ जोडप्यानं जंतूंच्या वसाहती मखमलीच्या कापडावर टेकवून त्याच मांडणीत दुसऱ्या ताटल्यांवर उतरवल्या. औषधाच्या ताटलीवर ज्या जागी वसाहती वाचल्या, त्याच जागच्या मूळ ताटलीवरच्या जंतूंना औषधाचा स्पर्शही झालेला नव्हता. तरी ते आधीपासूनच प्रतिरोधक होते. आणि २०११ मध्ये कॅनडातल्या युकॉनच्या गोठलेल्या जमिनीतून काढलेल्या, सुमारे ३० हजार वर्षं जुन्या डीएनएमध्ये पेनिसिलिनच्या घराण्याला आणि टेट्रासायक्लिनला दाद न देणारी जनुकं सापडली. माणसानं अँटिबायोटिक बाटलीत भरण्याच्या कितीतरी आधीपासून मातीतले सूक्ष्मजीव ही शस्त्रं एकमेकांवर चालवत होते आणि त्यांपासून वाचायलाही शिकलेले होते.

मग आपण काय केलं? आपण निवडीचा वेग प्रचंड वाढवला. मूत्रमार्गात शिरणारा ई. कोलाय बहुतेक वेळा स्वतःच्याच आतड्यातून आलेला असतो. आपण कोणत्याही कारणानं अँटिबायोटिक घेतलं, अगदी विषाणूच्या सर्दीसाठी विनाकारण घेतलं, तरी ते आतड्यातही पोहोचतं. तिथले नेहमीचे, औषधाला बळी पडणारे जंतू मरतात आणि नांगरून मोकळ्या केलेल्या रानात तण माजावं तसे उरलेले प्रतिरोधक जंतू ती जागा बळकावतात. औषध जितके दिवस चालेल, तितका हा दाब जास्त. २०१० मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी आधीचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अँटिबायोटिक घेतल्याचा हा परिणाम वर्षभरापर्यंत टिकू शकतो असं दिसलं.

म्हणजे ताई, औषध लवकर थांबल्यानं जेवढा प्रतिकार वाढतो असं आपण समजत होतो, त्यापेक्षा गरजेहून लांबल्यानं वाढण्याचा धोका मोठा आहे. म्हणूनच गेल्या काही वर्षांत अनेक संसर्गांसाठी उपचाराचे दिवस कमी होत आलेत. साध्या मूत्राशयाच्या संसर्गाला काही औषधांचा पूर्ण कोर्सच तीन दिवसांचा असतो आणि फॉस्फोमायसिनचा तर एकच डोस. २०२४ मध्ये सात देशांतल्या ३,६०० हून अधिक रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यांना रक्तात जंतू शिरण्याइतका गंभीर आजार होता, आणि तरी ७ दिवसांचं औषध १४ दिवसांच्या औषधापेक्षा कमी पडलं नाही. (स्टॅफिलोकॉकस ऑरिअस या जंतूचा संसर्ग आणि प्रतिकारशक्ती खूपच खालावलेले रुग्ण त्यात धरलेले नव्हते. सगळ्यांना सरसकट सात दिवस, असा त्याचा अर्थ काढू नका.)

आईंनी डॉक्टरांना न विचारता गोळ्या थांबवल्या, ते योग्य नव्हतंच. दिवस किती हे डॉक्टरांनी ठरवायचं, कारण कुठला संसर्ग तीन दिवसांत आटोपतो आणि कुठल्याला सहा महिने लागतात हे घरबसल्या कळत नाही. पण आजच्या रिपोर्टचं खापर त्या तीन दिवसांवर फोडायला विज्ञानात आधार नाही. भावाला हे वाचून दाखवा. आणि आईंना तुम्ही स्वतः, समोर बसून, स्पष्ट शब्दांत सांगा की हे तिच्यामुळे झालेलं नाही. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट प्रतिरोधक जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज आहे. २०१५ मध्ये चीनमध्ये कोलिस्टिन या अखेरच्या फळीतल्या औषधाला निकामी करणारं, एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारं जनुक डुकरांतल्या आणि माणसांतल्या ई. कोलायमध्ये सापडलं. जनावरांच्या वाढीसाठी चारलेली औषधं, सांडपाणी, चिठ्ठीविना मिळणाऱ्या गोळ्या, घाईत लिहिलेल्या चिठ्ठ्या असं बरंच काही या संकटामागे आहे. एका ७१ वर्षांच्या बाईनं त्याचा भार मनावर घेऊन घरात गप्प बसावं, हे मला सहन होत नाही.

नातीबद्दल लगेच सांगते. तिला जवळ घ्यायला काहीही हरकत नाही. असे जंतू आतड्यात बाळगणारी, स्वतःला त्याचा पत्ताही नसलेली निरोगी माणसं जगात कोट्यवधी आहेत. शौचानंतर आणि जेवणाआधी साबणानं नीट हात धुणं, एवढं घरातल्या सगळ्यांनी पाळावं. वेगळी भांडी नकोत, वेगळी खोली नको. अनेकांच्या आतड्यांतून हे जंतू पुढच्या काही महिन्यांत आपोआप कमी होत जातात, मात्र त्या काळात विनाकारण अँटिबायोटिक पोटात जायला नको.

खरं काम आहे ते पुढचा संसर्ग टाळण्याचं. यावर बातम्या होत नाहीत, म्हणून तुमच्या रात्रीच्या वाचनात ते आलं नसेल. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन कमी होतं, योनीमार्गातले उपकारक लॅक्टोबॅसिलस जंतू घटतात आणि ई. कोलायला वाट मोकळी होते. तिथे लावायचं इस्ट्रोजेनचं मलम हा यावरचा उत्तम अभ्यासलेला उपाय आहे. १९९३ च्या एका चाचणीत हे मलम लावणाऱ्या स्त्रियांना वर्षाला सरासरी ०.५ संसर्ग झाले, इस्ट्रोजेन नसलेलं मलम लावणाऱ्यांना ५.९. एवढा फरक अँटिबायोटिकच्या चाचण्यांतही क्वचित दिसतो, तरी आपल्याकडच्या बायका हा विषय डॉक्टरांपुढे काढायला संकोचतात आणि डॉक्टरही विचारत नाहीत. तुम्ही विचारा. आईंना स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर ते आधी सांगा.

दुसरं औषध मेथेनामाइन. हे अँटिबायोटिक नाही. आम्लयुक्त लघवीत त्याचं फॉर्माल्डिहाइड बनतं आणि ते जंतूंना मारतं. रोज कमी मात्रेत अँटिबायोटिक देऊन संसर्ग टाळण्याची जी जुनी पद्धत आहे, तिच्याशी याची तुलना ब्रिटनमध्ये २४० स्त्रियांवर केली गेली. २०२२ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत मेथेनामाइन जवळजवळ बरोबरीचं ठरलं. मूत्रपिंड किंवा यकृत बरंच बिघडलेलं असेल तर ते चालत नाही. पाण्याचं म्हणाल तर, कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांनी रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायल्यावर त्यांना वर्षात सरासरी १.७ संसर्ग झाले, पाणी न वाढवणाऱ्यांना ३.२, असं २०१८ च्या चाचणीत दिसलं. त्या सगळ्या पाळी सुरू असलेल्या वयाच्या होत्या. आईंना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर पाणी किती वाढवायचं हे आधी विचारून घ्या.

आणखी एक तपासणी मागा. मधुमेहात मूत्राशयाच्या नसा मंदावतात, लघवी पूर्ण होत नाही आणि उरलेल्या लघवीत जंतू वाढत राहतात. लघवी केल्यानंतर सोनोग्राफीत किती उरली आहे ते पाहता येतं. ती बरीच निघाली किंवा मुतखडा सापडला, तर वारंवार होणाऱ्या संसर्गाचं मूळ कारणच हाती लागेल. मग कितीही भारी अँटिबायोटिकपेक्षा त्या कारणावरचा इलाज जास्त कामाचा.

आता नवी औषधं. तुम्ही मनापासून विचारलंय, तेव्हा मीही सगळं सांगते. मला या संशोधनाबद्दल आशा आहे, आणि ती खोटी नाही.

पण बातमी वाचताना आधी एक पाहायचं : औषध कुठल्या जंतूवर? ई. कोलाय हा ग्राम-निगेटिव्ह जंतू. त्याच्याभोवती एक जादा बाहेरचं आवरण असतं, बहुतेक रेणू तिथेच अडतात. आत शिरलेले रेणू बाहेर फेकणारे पंपही त्याच्याकडे असतात. २०१५ मध्ये टेक्सोबॅक्टिनची मोठी बातमी आली होती. प्रयोगशाळेत एरवी न वाढणारा मातीतला जिवाणू थेट मातीतच वाढवून ते मिळवलं गेलं, आणि त्यामागची कल्पकता विलक्षण आहे. मात्र ते ग्राम-पॉझिटिव्ह, म्हणजे असं बाहेरचं आवरण नसलेल्या जंतूंवर चालतं, ई. कोलायवर नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेनं शोधलेलं हॅलिसिन २०२० मध्ये पुढे आलं. कधीकाळी मधुमेहासाठी तपासून बाजूला ठेवलेला तो रेणू होता. प्रयोगशाळेत आणि उंदरांत त्यानं चांगलं काम केलं, पण रुग्णाला देण्यासारखं औषध ते झालेलं नाही. २०२४ च्या सुरुवातीला झोसुराबालपिनबद्दल वाचलं असेल. बाहेरच्या आवरणाचा कच्चा माल जिथून वर जातो ती वाटच ते बंद करतं. ग्राम-निगेटिव्ह जंतूला मारायची ही खरोखर नवी तऱ्हा आहे. पण तेही फक्त असिनेटोबॅक्टर या दुसऱ्या एका जंतूपुरतं.

आईंच्या आजाराच्या जवळची प्रगती कमी गाजली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी साध्या मूत्रमार्ग संसर्गासाठी सुलोपेनेमच्या गोळीला मान्यता दिली, आणि मार्च २०२५ मध्ये गेपोटिडासिनला. गेपोटिडासिन हे नव्याच वर्गातलं औषध आहे. फ्लॉक्ससिन औषधं जंतूच्या ज्या विकरांना धरतात त्यांनाच ते धरतं, पण वेगळ्या जागी. टेबीपेनेम ही कार्बापेनेम गटातली गोळी. मूत्रपिंडापर्यंत गेलेल्या संसर्गातही ती इंजेक्शनाइतकी चालते का, हे पाहणारी मोठी चाचणी २०२५ मध्ये मुदतीआधीच थांबवली, कारण परिणाम पुरेसा स्पष्ट दिसला होता. आज ज्यासाठी दवाखान्यात राहावं लागतं, ते उद्या गोळीवर भागू शकेल. आईंच्या डॉक्टरांशी बोलताना ही नावं जवळ असू द्या. मात्र आज ‘एस’ असलेलं जुनं औषध हाताशी असताना नव्यासाठी थांबायचं किंवा परदेशी धावायचं काही कारण नाही.

फाज म्हणजे जिवाणूंना गाठून मारणारे विषाणू. १९१७ मध्ये फेलिक्स द’हेरेल यांनी त्यांना नाव दिलं. जॉर्जिया देशातल्या तिबिलिसीमध्ये १९२३ पासून त्यांच्यावर काम करणारी संस्था आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत टॉम पॅटरसन हे प्राध्यापक सर्व औषधांना दाद न देणाऱ्या असिनेटोबॅक्टरमुळे मृत्यूच्या दारात होते आणि फाज दिल्यावर वाचले, ही हकीकत तुम्ही वाचली असेलच. ती खरी आहे. पण एका रुग्णाचं बरं होणं आणि उपचार सिद्ध होणं यांत अंतर असतं. तिबिलिसीमध्येच मूत्रमार्गाच्या संसर्गावर फाजची नीट चाचणी झाली, २०२१ मध्ये तिचा निकाल आला. मूत्राशयात सोडलेले फाज अँटिबायोटिकपेक्षा कमी पडले नाहीत, पण नुसत्या द्रवानं मूत्राशय धुण्यापेक्षा सरसही ठरले नाहीत. फाज नेमक्या त्याच जंतूला लागू पडावा लागतो, दर रुग्णासाठी तो शोधावा लागतो, आणि जंतू त्यालाही चुकवायला शिकतात. ई. कोलायसाठी जनुकीय बदल करून घडवलेल्या फाजांवर चाचण्या चालू आहेत. मी त्यांच्याकडे लक्ष ठेवून आहे. सगळे पर्याय संपलेल्या रुग्णासाठी फाजचा विचार जरूर व्हावा. तुमच्या आईंचे पर्याय संपलेले नाहीत.

मला अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. प्लाझोमायसिन हे नेमकं गुंतागुंतीच्या मूत्रमार्ग संसर्गासाठीचं औषध २०१८ मध्ये मान्य झालं आणि ते बनवणाऱ्या अकेओजेन कंपनीनं २०१९ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. कारण नवं अँटिबायोटिक जितकं कमी वापराल तितकं टिकतं, आणि कमी वापरलं तर ते बनवणाऱ्याचं पोट भरत नाही. मोठ्या कंपन्या या क्षेत्रातून बाहेर पडल्या त्या याच हिशेबानं. ब्रिटननं २०२२ पासून दोन औषधांसाठी वेगळी वाट काढली : किती वापरलं ते न पाहता कंपनीला दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायची. अग्निशमन दलाला आपण आगी मोजून पगार देत नाही, मग औषध गरजेला हाताशी असावं म्हणून पैसे मोजायला काय हरकत आहे? प्रतिरोधक जंतूंबद्दल नुसतं घाबरवणाऱ्या बातम्यांऐवजी लोकांनी सरकारांकडे ही मागणी लावून धरावी, असं मला फार वाटतं.

भावानं आणलेली स्ट्रिप डॉक्टरांना दाखवा आणि घरातून काढून टाका. बहुधा ती आईंच्या रिपोर्टमध्ये ‘आर’ असलेल्याच एखाद्या औषधाची असेल. तशी नसली तरी दोन गोळ्या आधी घेऊन मग लघवी तपासायला दिली, तर कल्चरमध्ये काही उगवत नाही आणि डॉक्टर अंधारात राहतात. उन्हाळी लागली, वारंवार लघवीला जावंसं वाटू लागलं, तर क्रम उलटा ठेवा. औषधाचा पहिला डोस घेण्याआधी मधल्या धारेची लघवी स्वच्छ डबीत धरायची, ती तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवायची किंवा तोवर फ्रिजमध्ये ठेवायची, आणि मग डॉक्टर सांगतील ते औषध सुरू करायचं. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत बरगड्यांखाली दुखणं, उलट्या, लघवी खूप कमी होणं, किंवा तापासोबत एकाएकी असंबद्ध बोलणं असं काही दिसलं, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

आणि त्या वेळी हा रिपोर्ट बरोबर न्या. मागच्या सहा-आठ महिन्यांतले सगळे कल्चर रिपोर्ट, कधी कोणतं अँटिबायोटिक किती दिवस दिलं त्याची यादी आणि मूत्रपिंडाची शेवटची तपासणी, यांचे फोटो तुमच्या, भावाच्या आणि आईंच्या फोनमध्ये असू द्या. नव्या कल्चरचं उत्तर यायला दोन-तीन दिवस लागतात, पहिला डोस मात्र त्याच रात्री द्यायचा असतो. तो देणाऱ्या डॉक्टरांना आधीच्या रिपोर्टमध्ये ईएसबीएल दिसलं, तर ते पहिल्या डोसलाच योग्य औषध निवडू शकतील.